गाडीत उंदीर, गॅरेजात शेंगा… काय करू?

शेंगाचटणी · २७ फेब्रुवारी, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, पोस्ट लांबणार आहे, कारण डोकं तापलंय.

मी सोलापुरात विजापूर रोडला राहते. घरगुती कडक भाकरी आणि शेंगा चटणीचं काम आहे. हाताखाली तीन बायका, पार्सलं पुण्या-मुंबईपर्यंत जातात. घराला लागून पुढं एक शटरची खोली आहे. कागदावर ती पार्किंग. प्रत्यक्षात अर्ध्यात गाडी आणि अर्ध्यात माझी पोती. ज्वारी, शेंगदाणे, लसणाच्या जाळ्या, कोपऱ्यात पार्सलचे खोके. गाडी २०१४ची, छोटी, पेट्रोलवरची. पार्सलं पोचवायची आणि सोमवारी सिद्धेश्वराला जाऊन यायचं, एवढंच तिचं काम.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी माल जास्त भरला होता. यात्रा संपली, माल थोडा उरला, तो तसाच राहिला. गेल्या महिन्यात एक दिवस सकाळी सातला चावी फिरवली तर गाडी उचकी लागल्यासारखी गचके द्यायला लागली. समोर इंजिनाचा पिवळा दिवा. बॉनेट उघडलं तर बॅटरीवर शेंगदाण्याची लाल सालं पडलेली. नुसती सांडलेली नाहीत हो, कुणीतरी बसून एकेक दाणा सोलावा आणि सालं बाजूला सारावीत तशी. माझ्या बायकासुद्धा इतक्या निगुतीनं सोलत नाहीत.

गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. इंजेक्टरच्या दोन वायरी आणि ऑक्सिजन सेन्सरची एक वायर कुरतडलेली. बिल ९,२०० रुपये, त्यात सुटे भाग ७,००० आणि मजुरी २,२००. वर एक फवारा मारून दिला, त्याचे वेगळे. "मॅडम, आता सहा महिने बघायला नको." नवव्या दिवशी परत तेच. या वेळी वायर वाचली होती, पण एसी लावला की उकिरड्यासारखा वास. डॅशबोर्डचा कप्पा काढून मागचा एसी फिल्टर ओढला तर अख्खं घरटं हातात आलं. बॉनेटच्या आतली काळी गादी पिंजलेली, खोक्याचा पुठ्ठा, सुतळी आणि मधोमध गुलाबी धागे. गुलाबी कुठून आले म्हणून निरखून बघितलं तर माझा टॉवेल! चांगला जाड सोलापुरी टॉवेल शटरच्या आत वाळत घातला होता, तो पंधरा दिवसांपासून सापडत नव्हता. मी मिस्टरांना बोल बोल बोलले होते, तुम्हीच कुठंतरी गाडी पुसायला घेतला म्हणून. अजून माफी मागितलेली नाही.

आतापर्यंत केलेले उपाय : तंबाखूच्या पुड्या बांधल्या (एक पुडी फाडून कागद घरट्याला नेला, तंबाखू तिथंच). डांबरगोळ्या ठेवल्या, तर एसीतून तोच वास येऊन माझंच डोकं चढलं. शेवटी घरचं लाल तिखट एका फडक्यात बांधून बॅटरीपाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सात रस्त्याच्या सिग्नलला ब्लोअर सुरू केला आणि आम्ही दोघं नवरा-बायको जे शिंकायला लागलो, ते मागच्या रिक्षावाल्यानं उतरून विचारलं, काय झालं मावशी? फडकं आता गायब आहे. ते कुठं असेल याचा मला अंदाज आहे.

विष ठेवायचं नाही. बाजूच्या खोलीत खाण्याचा माल बनतो, लायसन्स आहे, आणि माझं मनही धजत नाही. मग काय करू? आणि विम्यातून काही मिळतं का?

नवी पेठ ते नऱ्हे · २७ फेब्रुवारी, रात्री ११.२०

ताई, टॉवेलचं वाचून हसलो, सॉरी. मी पुण्यात सोसायटीत गाडी लावतो, तिथंही हाच ताप. दोन गोष्टी केल्या. रात्री बॉनेट अर्धं उघडं टाकून वर एक छोटा एलईडी दिवा लावतो. उंदराला अंधार आणि आडोसा लागतो, तो मिळाला नाही की तिथं संसार थाटत नाही. आणि अल्ट्रासॉनिक यंत्र बसवलं, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून उंदीर पळवणारं. बॅटरीवर चालतं, ऑनलाइन मिळतं. तेव्हापासून शांतता आहे. दोन्हींपैकी कशानं, ते देवाला ठाऊक.

तारतम्य · २८ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

दिव्यानं. इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो म्हणून सांगतो. तो आवाज इतक्या वरच्या पट्टीतला असतो की समोर पोतं, खोका, इंजिनाचा ठोकळा काहीही आलं की तिथंच अडतो. पलीकडं उंदीर आरामात असतो. शिवाय त्याला चार-आठ दिवसांत सवय होते, गिरणीजवळ राहणाऱ्या माणसाला भोंग्याची होते तशी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ साली असली यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना पत्रं पाठवली होती, की दावे करताय त्याला शास्त्रीय पुरावा हवा. शेंगाचटणी ताई, तुमच्या खोलीत पोतीच पोती आहेत. पैसे घालवू नका.

गेअरबॉक्स · २८ फेब्रुवारी, दुपारी २.१५

ताई, अक्कलकोट रोडला माझं गॅरेज हाय. बावीस वर्षं झाली. रागवू नका, पण उंदीर तुमच्या शेंगाला लागलाय. गाडी मधी आली, एवढंच.

वायर तो पोट भरायला खात नाय. त्याचे पुढचे दात जल्मभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. वायर हाताशी असली की वायर. तुम्हाला सर्व्हिस सेंटरवाल्यानं सांगितलं असंल, नव्या गाड्यांच्या वायरीत सोयाबीन असतंय म्हणून. आमच्याकडं बी रोज एक गिऱ्हाईक हेच सांगतंय. अमेरिकेत त्यावरनं कोर्टात केसी झाल्यात. पण मालक, मी जुन्या ॲम्बॅसेडरच्या वायरी कुरतडलेल्या जोडल्यात, तवा कुठलं आलं सोयाबीन?

आता गाडीचं ऐका. गाडी खालनं उघडी असती. टायरवरनं चढला, सस्पेन्शनवरनं गेला, बसला इंजिनावर. थंडीत ऊब, वर गादीचं छप्पर. गाडी बंद पेटीसारखी कुणालाच करता येत नाय. कोण करून देतो म्हणला तर पैसे देऊ नका. एवढं मात्र करा :

वायपरच्या खाली काळी प्लॅस्टिकची जाळी असती, तिथनं बाहेरची हवा एसीत जाती. ती जाळी मोठी असती. ती काढून खाली पाव इंचाची जीआय, म्हंजे जस्त चढवलेली लोखंडी जाळी कापून बसवा. माझ्याकडं आला तर अर्ध्या तासाचं काम. लई उंदीर फिल्टरमधी इथनंच जातंय. आणि गाडी बंद करायच्या आधी एसीचं बटण 'आतली हवा' ह्याच्यावर ठेवा, म्हंजे बहुतेक गाड्यांत बाहेरच्या हवेची झडप मिटती.

फवारा वाईट नाय. पण इंजिनाची उष्णता, धूळ, पाणी, ह्याच्यात किती टिकणार? होंडानं तर तिखटातल्या कॅप्सेसिनची टेपच काढलीय, वायरीला गुंडाळायची. ती फवाऱ्यापेक्षा बरी, कारण चावला की तोंडाला लागती. तुमचं फडक्यातलं तिखट त्यानं उचलून बाजूला ठेवलं, हितं चावल्याबिगर गत्यंतर नाय.

एक गोष्ट बिलकूल करू नका : सायलेन्सरच्या पाईपजवळ फडकी, पुड्या, गोणपाट. तो भाग लई तापतो. मी बॉनेटमधनं धूर निघालेली गाडी बघितली हाय, आत तंबाखूची पुडीच होती. आणि रॉकेल-डिझेल मारायचं सुद्धा नाय, रबरी पाईप फुगून नास होतात.

गाडी रोज पंधरा मिनिटं फिरवा. उभी गाडी म्हंजे त्याला रिकामा फ्लॅट.

पण खरं काम खोलीत हाय. तेवढं बघा.

शेंगाचटणी · २८ फेब्रुवारी, रात्री ९.४०

गेअरबॉक्स दादा, राग नाही आला. थोडा आला, पण खरं आहे ते. जाळीसाठी रविवारी येते.

खोलीत कुठून येतात तेच कळत नाही. शटर तर रात्री खालपर्यंत ओढलेलं असतं.

पॉलिसी नंबर विसरलो · १ मार्च, सकाळी १०.३०

विम्याचं मी सांगतो, हेच काम करतो.

फक्त थर्ड पार्टी असेल तर विषय संपला. पूर्ण विमा असेल तर उंदरानं केलेलं नुकसान बऱ्याच कंपन्या धरतात, पण पॉलिसीचे शब्द वाचून घ्या. एक मात्र सगळीकडं सारखं : दिवा लागलेला असताना तशीच गाडी हाकली आणि पुढं इंजिन गेलं तर ते 'परिणामी नुकसान', ते मिळत नाही. तुम्ही टो केली हे बरं केलं.

आता आकडे बघा. रबर, प्लॅस्टिक, नायलॉनच्या भागांना ५०% घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, गाडी नवी असली तरी. तुमची गाडी दहा वर्षांच्या पुढची, म्हणजे धातूच्या भागांनाही ५०%. सुटे भाग ७,००० चे धरले ३,५००. मजुरी २,२०० पूर्ण. झाले ५,७००. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० वजा. हातात ४,७००. सर्व्हेअरनं काही छाटलं तर आणखी कमी.

आता क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर. तुमचा ५०% असेल असं धरतो. तो परत चढायला क्लेमशिवायची पाच वर्षं लागतात : २०, २५, ३५, ४५, ५०. म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही ५०% गमावणार, नंतर ३०, २५, १५, ५. बेरीज १२५%. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनसच्या आधी समजा ३,५०० असेल, तर एकूण ४,३७५ जास्तीचे भरणार. मिळणार ४,७००. फायदा ३२५ रुपये, आणि त्यासाठी फॉर्म, फोटो, फेऱ्या. क्लेम करूच नका असं नाही, पण तो मोठ्या बिलाला ठेवा. पूर्ण वायरिंगचा जुडगा बदलायची वेळ आली तर बिल कुठल्या कुठं जातं, तेव्हा गणित उलटं होतं.

शेंगाचटणी · १ मार्च, सकाळी ११.००

३२५ रुपयांत माझी पाव किलोभर चटणी येते. सोडला क्लेम.

झटपट · १ मार्च, दुपारी १२.१०

इतका काय विचार करायचा. औषधाच्या वड्या टाका, तीन दिवसांत साफ. आमच्या दुकानात दर महिन्याला टाकतो.

पशुवैद्य बाई · १ मार्च, रात्री ८.४५

दर महिन्याला टाकावं लागतं, यातच उत्तर आलं नाही का?

ज्या वड्या मिळतात त्यात बहुतेक ब्रोमाडिओलोन असतं. रक्त गोठायचं थांबतं, आतल्या आत रक्तस्राव होऊन उंदीर मरतो, पण लगेच नाही, काही दिवसांनी. तोवर तो फिरत असतो आणि मरतो कुठं ते तुम्ही ठरवत नाही. गाडीच्या एसीच्या नळीत मेला तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तसा अर्धमेला उंदीर मांजरानं, घुबडानं खाल्ला तर विष पुढं जातं. कुत्र्या-मांजरांत वेळेत कळलं तर व्हिटॅमिन के१ देऊन वाचवता येतं, माझ्याकडं अशी जनावरं आलेली आहेत. काळी पूड, म्हणजे झिंक फॉस्फाइड, तिच्यावर उतारा नाही. पोटात गेली की फॉस्फिन वायू सुटतो. आणि पिवळ्या फॉस्फरसची ती पेस्ट तर घरात आणूच नका, लेकरांनी खाल्ली तर यकृत जातं, त्यावरही उतारा नाही.

डांबरगोळ्यांचंही तेच. बंद गाडीत लहान मूल बसत असेल तर नको. काही मुलांच्या रक्तात जन्मजात एक एन्झाइम कमी असतं, त्यांच्या रक्तपेशी या गोळ्यांनी फुटतात.

शेंगाचटणी ताई, तुम्ही ते घरटं हातानं काढलंत का? पुढच्या वेळी कोरडं झाडू नका. हातमोजे, तोंडाला मास्क, आधी सगळं ओलं करा. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं थांबा, मग कागदानं उचला. वायरीवर मात्र ओतू नका, तिथं फडकं भिजवून पुसा. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, हाताला चीर असेल तर तेवढंही पुरतं. ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना उंदरांचं आवर्जून सांगा. आणि लेंड्या नीट बघा. जिऱ्याएवढ्या असल्या तर चिमुकला घरउंदीर. मनुकेएवढ्या असल्या तर मोठा उंदीर. बंदोबस्त दोघांचा वेगळा असतो.

शेंगाचटणी · २ मार्च, सकाळी ६.३०

हातानंच काढलं होतं हो बाई. हाताला मिरचीची जखम तर कायमची असते. ताप वगैरे काही नाही, पण लक्ष ठेवते.

लेंड्या मनुकेएवढ्या. उगाच मोजून बघितल्या, बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा मोठ्या.

काळी माती · २ मार्च, सकाळी ७.१५

मंगळवेढ्याकडचा आहे मी. पोरी, एवढ्या दिवसांत आमच्याकडं मालदांडी ज्वारीची काढणी चालते. रान मोकळं होतं, रानातला उंदीर उपाशी पडतो. काही कडब्याच्या गंजीत शिरतात, काही गावात. तुमचा विजापूर रोडचा तो भाग म्हणजे कालपरवापर्यंत रानच होतं, घरं आत्ता झाली. मागच्या बाजूला मोकळी जागा असेल तर तिथून येतात.

आमचे वडील काढणीनंतर बीळ उकरायचे, आत पसा-पसाभर कणसं निघायची, देठ कापून नीट रचलेली. त्याची हुशारी मला माहीत आहे, म्हणून पिंजऱ्याचं सांगतो. पिंजरा आणला आणि त्याच रात्री लावला, असं करू नको. मोठा उंदीर नव्या वस्तूला भितो, चार दिवस लांबून वास घेत राहतो. पिंजऱ्याचं दार तारेनं उघडं बांधून ठेव, आत रोज खायला घाल. खाऊ दे. लाडावू दे. पाचव्या-सहाव्या रात्री तार सोड. भिंतीला लागूनच ठेव, तो खोलीच्या मधून कधी चालत नाही. आणि पिंजऱ्याला हातमोजा घालून हात लाव.

उंदीर धरायची चिकटपट्टी लावू नको. त्याच्यावर आमच्याकडं पाल, चिमणी, एकदा तर मांजराचं पिल्लू चिकटलं. बघवत नाही.

धामण दिसली तर मारू नका, एवढं शहरातल्यांना सांगून ठेव.

नवी पेठ ते नऱ्हे · २ मार्च, सकाळी ९.००

काका, विजापूर रोडच्या पार्किंगमध्ये धामण दिसली तर ताई गाडी सोडून थेट विजापूर गाठतील.

तारतम्य · २ मार्च, सकाळी ९.२०

येण्याची वाट शोधायला रांगोळी वापरा. रात्री शटरच्या आतून, भिंतीच्या कडेनं, पोत्यांच्या मागं चाळणीनं पातळ थर भुरभुरा. पीठ नको, ते खाऊन टाकतील. सकाळी पावलं आणि मधून शेपटीची रेघ दिसते. माग जिथून सुरू होतो तेच भोक. अंगठा शिरेल एवढ्या भोकातून कोवळा उंदीर येतो, घरउंदराला तर पेन्सिल जाईल एवढं पुरतं. डोक्याची कवटी आत गेली की बाकी अंग जातं.

शेंगाचटणी · ४ मार्च, सकाळी ७.००

रांगोळी घातली. सकाळी बायका कामाला आल्या, त्यांना वाटलं आज काय सण आहे.

माग दोन निघाले. एक डाव्या कोपऱ्यातून. शटर ज्या लोखंडी पट्टीतून खाली येतं, ती पट्टी आणि फरशी यांच्यात दोन बोटं फट. बारा वर्षं त्या खोलीत वावरतेय, एकदाही लक्ष गेलं नव्हतं, कारण पुढ्यात सतत केरसुणी उभी असते. फटीच्या कडेला भिंत तेलकट काळी झालेली. गेअरबॉक्स दादा, हे त्यांच्या अंगाचंच ना?

दुसरा माग मागच्या भिंतीतून, पाण्याच्या पाईपाच्या भोकातून. प्लंबरनं चार इंच भोक पाडलं, एक इंचाचा पाईप घातला आणि बाकीचं पुठ्ठ्यानं बुजवून वर चुना मारला! पुठ्ठा कधीच खाऊन झालाय.

आणि तिसरी गोष्ट, ही लिहायला लाज वाटते. शेंगदाण्याचं सगळ्यात मागचं पोतं ओढलं तर भिंतीकडून खालच्या कोपऱ्याला भोक, आणि आत हात घातला तर बोगदा. बाहेरून पोतं भरलेलं, ताठ उभं. आतून पोकळ.

गेअरबॉक्स · ४ मार्च, दुपारी १.३०

हो, अंगाचंच तेल ते. रोज त्याच वाटेनं जातो ना, घासून घासून काळं होतं.

भोक बुजवायला नुसतं सिमेंट घालू नका, ओलं असतानाच उकरतंय. भांडी घासायची तारेची घासणी असती की, ती आधी दाबून कोंबा, मग सिमेंट. जुने गवंडी बाटलीची काच फोडून घालायचे सिमेंटात, ते बी चालतंय, पण तुमच्यात बायका उघड्या पायानं वावरतात, काच नको. शटरला खाली रबराची पट्टी लावून देतो म्हणणारे येतील. रबर एका आठवड्यात खाऊन टाकतंय. फॅब्रिकेशनवाल्याकडनं लोखंडी पत्र्याची पट्टी मारून घ्या, फरशीला टेकंल अशी. दोन्ही कोपऱ्यांत पत्रा वाकवून.

ते पोतं फेका, ताई. जीव अडकू देऊ नका.

शेंगाचटणी · ४ मार्च, दुपारी २.००

फेकलं. पन्नास किलोतलं साधारण पस्तीस उरलं होतं. किती रुपये झाले ते मनात सुद्धा मोजलं नाही. चटणीला त्यातलं एक दाणाही गेला नव्हता, तो सगळा माल उघडायचाच होता, हे इथं लिहून ठेवते. गिऱ्हाईकं वाचत असतील.

शेंगाचटणी · २९ मार्च, रात्री ९.१५

महिना झाला, सांगायला आले.

एक दिवस काम बंद ठेवून चौघी मिळून खोली रिकामी केली. ज्वारी आता पत्र्याच्या कोठ्यांत, सासूबाईंच्या काळातल्या माळ्यावर पडून होत्या त्याच. त्यांना मी 'अडगळ' म्हणायचे. शेंगदाणे झाकणाच्या ड्रममध्ये. लोखंडी रॅक फुटभर उंच, भिंतीपासून वीतभर पुढं, म्हणजे मागं झाडू फिरतो आणि बॅटरीचा उजेडही. खोके मागवते तेवढेच, ढीग नाही. शटरला पत्रा मारला, कोपरे बुजवले, पाईपाच्या भोकात तीन घासण्या गेल्या. सगळं मिळून खर्च गाडीच्या बिलाच्या निम्म्यानं.

हे सगळं बुजवायच्या आधी आत किती आहेत ते कळावं म्हणून काळी माती काकांचं ऐकून पिंजरा लावला. पहिले चार दिवस दार बांधून आत गूळ-शेंगदाण्याची वडी. पहिल्या रात्री शिवलं नाही. दुसऱ्या रात्री वडीचा एक कोपरा गेला. तिसऱ्या रात्री सगळी, चौथ्या रात्री सगळी आणि शिवाय तिथंच लेंड्या, हॉटेलात जेवून टीप ठेवावी तशा. पाचव्या रात्री तार सोडली. सकाळी पिंजऱ्यात एक, दुपारपर्यंत बायका बघायला येत राहिल्या. सहा रात्रींत चार सापडले. एक चांगलाच जाडजूड होता, चमकदार केसांचा. माझ्याच शेंगदाण्यांवर पोसलेला, दुसरं काय. नंतरच्या पाच रात्री पिंजरा रिकामा, वडी जशीच्या तशी, तेव्हा कुठं शेवटचं भोक सिमेंटनं बंद केलं. आधी बंद केलं असतं तर आत कोंडलेल्यांनी गाडीची काय अवस्था केली असती, कल्पना करवत नाही.

गाडीला गेअरबॉक्स दादांनी जाळी बसवली, पैसे घ्यायला तयार होईनात म्हणून दोन किलो चटणी दिली. बॉनेटची गादी नवी बसवली नाही, त्यांनीच सांगितलं, सध्या राहू द्या. रात्री बॉनेट उघडं आणि आत दिवा हे मात्र पहिले पंधरा दिवस नेमानं केलं. शेजारच्या आजोबांना वाटलं गाडी रोजच बिघडतेय. रोज संध्याकाळी येऊन धीर देऊन जायचे.

मिस्टरांची टॉवेलबद्दल माफी मागितली. म्हणाले, दोन टॉवेल घे आता, एक उंदरांना.

रांगोळी अजून रोज घालते, सवयच लागली. दोन आठवडे कोरी होती. आज सकाळी शटर उघडलं आणि डाव्या कोपऱ्यापाशी माग! पोटात खड्डा पडला. चष्मा आणला, गुडघ्यावर बसून बघितलं. मधून शेपटीची नागमोडी रेघ, दोन्ही बाजूंना पसरलेली बारीक पाच-पाच बोटं, आणि माग सरळ जाऊन भिंतीवर चढलेला. पाल होती.

गेअरबॉक्स · २९ मार्च, रात्री ९.५०

पाल वायर खात नाय. राहू द्या तिला.